आत्याच्या म्हशीचा मुकदमा

वकील दिसतो कसा, हे बघायची मला लई दिवसांची हौस होती. हसू नका. आमच्या गावात पोलीस पाटील बघितला होता, घोड्यावरनं येणारा तहसिलीचा माणूस बघितला होता, पण वकील कुणीच बघितला नव्हता. तोंडी मात्र तो सगळ्यांच्या होता. बांधावरनं दोन भाऊ भांडले की एक जण म्हणायचाच, "वकील लावीन!" लावीन म्हणजे काय, बाभळ लावतात तसा लावतात का, असं मी एकदा वडलांना विचारलं आणि बोलणी खाल्ली. चौकसपणा माझ्या अंगातच होता. आई म्हणायची, ह्या पोरीला चुलीत लाकूड सार म्हणलं तर आधी लाकूड कुठनं आलं ते विचारती.

पुढं लग्न झालं, दोन लेकरं झाली, तरी खोड काही गेली नाही. माझं सासर सोलापूरकडं, इंग्रजी मुलखात. माहेर निजामाच्या मुलखात, अणदूरपासनं कोसाभरावर. माहेरी येताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर बोचकं सोडून दाखवायला लागायचं. तिथल्या शिपायालासुद्धा मी विचारायची, "बाबा, बोचक्यात नेमकं काय सापडलं म्हंजी तुला बरं वाटंल?" नवरा कपाळाला हात लावून उभा राहायचा.

तर त्या साली, रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील, मी माहेरी आले ती म्हशीच्या भांडणातच येऊन पडले.

म्हैस आत्याची. आता आधी आत्या सांगायला पाहिजे. आत्या म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण. कळायच्या आत तिचं लग्न झालं, कळायच्या आत कुंकू पुसलं गेलं, आणि ती भावाच्या घरी परत आली ती कायमची. शेणघाण तिच्याकडं, दळण तिच्याकडं, आम्हा सगळ्यांची बाळंतपणं तिच्याकडं. ती परत आली तेव्हा आजोबांनी तिला एक रेडकू दिलं होतं, कपाळावर पांढरी चांदी असलेलं. "हिच्या नावाचं एक जनावर असू द्या दावणीला," असं ते म्हणाले होते म्हणे. त्या रेडकाची म्हैस झाली, म्हशीला लेक झाली, लेकीला लेक झाली, आणि दर खेपेला कपाळावर तीच चांदी. आजोबा गेले आणि हळूहळू ती 'घरची म्हैस' झाली. कुणी हिसकावून घेतली नाही हो. नुसतं बोलता बोलता झालं.

धार मात्र आत्यानंच काढायची. दूध आधी बाप्यांना, मग लेकरांना, मग कुणी आलंगेलं त्याला, उरलं तर विरजणाला. शेवटी आत्या चरवीत पाणी घालायची, खळखळायची, आणि ते पांढरट पाणी पिऊन टाकायची. लहान असताना मी तिला विचारलं होतं, "आत्या, तुमी दूध का पीत न्हाई?" तर म्हणाली, "मला पचत न्हाई गं बाई." मला ते खरंच वाटलं. एवढी मी चौकस, आणि तिथं पुढं काही विचारावं असं सुचलं नाही.

वडील होते तेव्हा एका साली कडब्याची लई टंचाई पडली. त्या साली वडलांनी आत्याच्या म्हशीच्या वंशातली उरलेली एकच वगार, म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस, शेजारच्या शेतकऱ्याला अर्धलीनं दिली. अर्धल म्हणजे जनावर एकाचं, चारापाणी दुसऱ्याचं. जनावर व्यालं की दोघांनी बसून वाटणी करायची. एकानं म्हैस ठेवायची, दुसऱ्यानं पारडू घ्यायचं आणि वर काय ठरेल ते. ह्या शेतकऱ्याचं रान ओढ्याकाठी, बारमाही हिरवं. घरात ती माणसं कानडी बोलायची, आमच्याशी मराठी. माणूस वाईट नव्हता. आत्याला अक्का म्हणायचा, सणावाराला डोकं टेकवून जायचा.

दोन पावसाळे गेले. मधे वडील वारले. म्हैस व्याली, तिला पारडी झाली, महिने गेले आणि वाटणीचं कुणी नावच काढीना. म्हणून माझा थोरला भाऊ, आमचा दादा, बोलायला गेला. तर शेतकरी म्हणाला, "वाटणी कशाची? तुमच्या वडलांनी मला ती इकली की. रोख मोजून दिलेत." कागद कुठंय म्हणलं तर म्हणे शेजाऱ्यात कसला कागद. दादा तणतणत घरी आला. त्याच्या लेखी तो अब्रूचा सवाल होता. दावणीला दुसऱ्या दोन म्हशी होत्या, घराचं काही अडणार नव्हतं.

तिन्हीसांजेला बघते तर आत्या गोठ्यात त्या रिकाम्या खुंट्यापाशी खराटा घेऊन झाडत बसलेली. केर नव्हताच तिथं. मी जवळ गेले तर म्हणाली, "ती गेली तर माझं..." आणि थांबली. मग म्हणाली, "तर आपलं त्या खुंट्याला काय ऱ्हाईलं गं?" तिनं तो शब्द गिळलेला मला ऐकू आला. उभ्या जन्मात त्या बाईच्या नावावर एवढी एकच चीज होती, आणि तीही तिला नावानं मागता येत नव्हती.

"वकील लावायचा," दादानं जाहीर केलं. आत्याला घेऊन जायचं ठरलं, कारण दिलं-घेतलं तेव्हा ती तिथं उभी होती. आत्या परक्या बाप्यासमोर एकटी जायची नाही. मी लगेच म्हणलं, "मी येते सोबतीला." दादा म्हणाला, "तू कशाला? तिथं तोंड बंद ठिवावं लागतं." मी म्हणलं, "ठिवते." खोटं बोलले, पण कुणाचं नुकसान नाही झालं त्यानं.

गाडीत तुळजापूरच्या वाटेनं दादा आत्याला पढवत होता. "हे बघा आत्या, नुसतं गोठ्यात ठरलं म्हणलं तर कोण इस्वास ठेवतंय? आपण म्हणायचं, अणदूरला खंडोबाच्या देवळात ठरलं. देवासमोर बेलभंडारा उचलला त्यानं. भंडारा उचलला म्हणलं की झालं."

"पण तसं झालं न्हाई की रे," आत्या म्हणाली.

"झाल्यावानीच हाय. खंडोबाला ठावं न्हाई व्हय खरं काय ते?"

आमच्याकडं ही रीतच. खरं सांगायचं असलं तरी मधे खंडोबा घातल्याशिवाय सांगणाऱ्यालाच पटत नाही. बाजारात वांगी घेतलेली सांगायची असली तरी "खंडोबाच्यान" म्हणतात. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वकिलांचं घर तुळजापुरात एका गल्लीत होतं. मी मनात काळा झगा, मोठा आवाज, भिंतीला तलवार असलं काहीबाही धरून बसले होते. ओसरीवर बघते तर पन्नाशीचे एक मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, अंगात घरातला सदरा, मांडी घालून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले. रुमी टोपी खुंटीला. "ह्योच का वकील?" मी दादाच्या कानात विचारलं. दादानं डोळे वटारले.

त्यांनी आमच्यासाठी आतनं गूळ-शेंगदाणे मागवले. पाणी मागवलं नाही. त्या काळात ते त्यांनाही कळत होतं, आम्हालाही कळत होतं. वाईट वाटत असेल तर कुणी दाखवत नव्हतं.

"बोला पाटील," ते दादाला म्हणाले. "काय हरवलंय?"

मला ते लई आवडलं. काय भांडण आहे असं नाही विचारलं, काय हरवलंय म्हणाले.

दादानं घसा साफ करून सुरुवात केली. दुष्काळी साल, वगार, अर्धल, सगळं सांगितलं. वकीलसाहेब मान खाली घालून कातरत होते. अडकित्ता कट् कट् चालू. मग दादा म्हणाला, "आन् साहेब, हे सगळं अणदूरला खंडोबाच्या देवळात ठरलं. देवाच्या मूर्तीसमोर. भंडारा उचलला त्या माणसानं."

अडकित्ता थांबला.

"महिना कोणता?"

"पौष. संक्रांत होऊन चार दिस झाले असतील नसतील."

"पौषाच्या पुनवेआधी का नंतर?"

"आधीच की. पुनवेला तर नळदुर्गाला जत्रा..." असं म्हणता म्हणता दादाचं तोंड उघडंच राहिलं.

ज्यांना आमच्या भागातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा खंडोबा दोन गावांचा. मूर्ती एक, देवळं दोन. वर्षातला बहुतेक काळ देव अणदुरात असतो. मार्गशीर्षात वाजतगाजत नळदुर्गाला जातो, आणि पौषी पुनवेची जत्रा झाली की अणदूरला परत येतो. कधी न्यायचा, कधी आणायचा, ह्याचा दोन्ही गावांत दरसाल लेखी करार होतो. आमच्याकडं शेंबड्या पोराला हे माहीत असतं. त्या संक्रांतीला अणदूरच्या देवळात देवच नव्हता.

"म्हणजे तुमचे गवाह गावाला गेले होते, पाटील," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले.

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवाज आलाच. दादा कानापर्यंत लाल.

"हसू नका बाई," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "अदालतीत मुन्सफासमोर हे झालं असतं तर समोरचा वकील हसला असता. मग तुमची खरी गोष्टसुद्धा ह्या एका खोट्याबरोबर गेली असती. लोकांना वाटतं, खरी गोष्ट नुसती सांगितली तर बारीक दिसते. म्हणून देवाचा टेकू देतात. मला ती बारीकच पाहिजे. आणि काय हो पाटील, दोन गावं देवाचा करार कागदावर करतात, आणि तुम्ही एका म्हशीचा करत नाही?"

मला आता राहवेना. "साहेब, पण तुमाला खोटं कळतं कसं?"

"कळत नाही. मी नुसतं विचारतो. कधी, कुठं, कोण उभं होतं, पाऊस होता का. खोटं सांगणाऱ्यानं तेवढं ठरवलेलं नसतं."

बघा, म्हणजे वकील लावायचा म्हणजे हे. मी समजत होते की वकील बोलतो. हा माणूस तर नुसता विचारत होता, माझ्यासारखाच. फरक एवढाच की मला त्यापायी बोलणी बसायची, आणि ह्यांच्या ओसरीवर लोक गाड्या जुंपून येत होते.

मग त्यांनी दादाला विचारलं, "मुद्दई कोण? फिर्याद कुणाच्या नावानं करायची?"

"माझ्या. आता घरचा कर्ता मीच."

"म्हणजे म्हैस तुमच्या घरची. तुमच्या वडिलांची."

"व्हय."

"मग तुमचे वडील ती विकू शकत होते. समोरचा म्हणतो, विकली. तुम्ही म्हणता, नाही. ज्यांना ठाऊक होतं ते अल्लाघरी गेले. आता मुन्सफ काय करेल?"

दादा डोकं खाजवायला लागला.

"पण म्हैस जर ह्या बाईंची असेल," त्यांनी अडकित्त्यानं आत्याकडं दाखवलं, "तर तुमच्या वडिलांना ती विकायचा हक्कच नव्हता. मग विकली का नाही विकली, हा प्रश्नच मागं पडतो. म्हणून आधी हे ठरवा, म्हैस कुणाची?"

"आता आत्या काय परकी हाय व्हय, साहेब? घरची म्हंजी तिचीच की."

"परक्या असत्या तर बरं होतं. परकी बाई लगेच म्हणाली असती, माझी." मग ते सरळ आत्याशी बोलले. "बाईसाहेब, म्हैस कुणाची?"

आत्यानं पदर पुढं ओढला. "घरची म्हणायचं," ती म्हणाली.

"घर अदालतीत येऊन उभं राहात नाही. तिथं माणूस लागतं. कुणाची?"

"माझ्या बापानं दिलेली."

"हां. म्हणजे कुणाची?"

काही केल्या येईना हो तिच्या तोंडून. मी कोपरानं ढोसलं तर ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी तिला भर बाजारात डोक्यावरचा पदर पाडायला सांगत होते. दुसऱ्याच्या घरी उभा जन्म काढलेली बाई. 'माझं' म्हणायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर तर ती तिथं टिकली होती.

वकीलसाहेबांनी तिला जास्त ताणलं नाही. दादाकडं वळले. "तुम्हाला हलफ, म्हणजे शपथ, घेऊन सांगावं लागेल, ही म्हैस माझी नाही, घरची नाही, आत्याची आहे. सांगाल?"

दादानं हातातला शेंगदाणा लई वेळ सोलला. "सांगंन," म्हणाला.

"आणि पुढंही?"

"पुढं म्हंजे?"

"मुकदमा संपल्यावर."

दादानं दुसरा शेंगदाणा उचलला. वकीलसाहेबांनी उत्तर मागितलं नाही. ते पुन्हा सुपारी कातरायला लागले आणि आत्याला म्हणाले, "बरं, ते राहू द्या. वगार गेली त्या दिवशीचं सांगा. देव नको, देऊळ नको. जे दिसलं ते."

आता आत्या मोकळी झाली. गोठ्यातलं सांगायचं म्हणल्यावर तिला काय. "सकाळची येळ व्हती. भाऊ आन् त्यो दोघंच व्हते, आन् मी खुंट्यापाशी. वगार पाय उचलंना. मग मीच पुढं झाले, वेशीपातूर सोडाया गेले. तिथं त्येच्या हातात दिलं. माझं दावं व्हतं की तिच्या गळ्यात. शेळीच्या केसाचं, मीच वळलेलं. म्हणलं, ह्ये काढू नगं रे, दुसरं टोचतं तिला."

अडकित्ता पुन्हा थांबला. मला वाटलं, आता ही काय खोटं बोलली?

"दावं दिलंत?"

"दिलं की. अर्धलीचं जनावर दाव्यासकट जातं."

"आणि विकलं असतं तर?"

आत्याला हसूच आलं. "इकल्यालं जनावर कुणी दाव्यासंगं देतंय व्हय? दावं काढून ठिवायचं, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. दावं गेलं तर दावणच जाती मागनं." दादा आणि मी एकमेकांकडं बघायला लागलो. अहो, हे आम्हा तिघांनाही आईच्या दुधापासनं माहीत होतं! आणि आम्ही अख्ख्या वाटेनं खंडोबाला वेठीला धरत बसलो होतो.

"ते दावं अजून आहे तिच्या गळ्यात?"

"हाय. परवा वढ्यावर दिसली तवा बघितलं मी."

वकीलसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "मग आत्ता मुकदमा नको. अदालतीत तारखा पडतील, म्हैस म्हातारी होईल. चार वडीलधाऱ्या माणसांसमोर त्याच्या दारात जा आणि बाईसाहेबांनी दावं मागावं. म्हशीचं नाव काढू नका. भांडू नका. नुसतं दावं मागा. तो जे बोलेल ते ऐकून घ्या. त्यानंतर गरज पडली तर या, मी आहेच."

"आन् तुमची फी?" दादानं विचारलं.

"आज मी फक्त ऐकलं. ऐकण्याची घेत नाही."

परतीच्या वाटेवर मी आत्याच्या मागंच लागले. "म्हणा आत्या, माझी म्हस."

"जा गं मेले."

"म्हणा की. इथं बैलांशिवाय कोन ऐकतंय?"

"जिभंवर येत न्हाई बघ," ती म्हणाली, आणि मग दोघीही हसलो. दादा पुढं तोंड करून गाडी हाकत राहिला. वकिलांनी दावंच मागायला का सांगितलं असेल, हे मी मनात घोळवत होते. मग लक्षात आलं. सगळ्या बोलण्यात आत्या आपणहून 'माझं' म्हणाली होती ती एकाच गोष्टीला. ते त्या माणसानं ऐकलं होतं, आणि मी तिच्या मांडीला मांडी लावून बसूनसुद्धा ऐकलं नव्हतं. लई राग आला मला माझा.

दुसऱ्या दिवशी गावातली दोन म्हातारी माणसं सोबत घेऊन आम्ही शेतकऱ्याच्या दारात गेलो. तो गडबडीनं पुढं आला. "या अक्का, बसा." त्याची म्हातारी आई उंबऱ्यात तुरी निवडत बसली होती. अंगणात म्हैस बांधलेली, शेजारी पारडी. म्हशीनं आत्याला बघितलं आणि मान वर करून हुंगायला लागली.

"बसाया आले न्हाई, बाबा," आत्या म्हणाली. आवाज बारीक होता, पण फुटला नाही. "माझं दावं दे."

शेतकऱ्याच्या जिवात जीव आलेला मला दिसला. त्याला वाटलं असणार, मोठी फौज आली आणि मागितलं काय, तर दावं! "एवढंच ना? न्या की अक्का," म्हणत तो म्हशीकडं गेला आणि गाठ सोडायला लागला.

म्हातारीनं त्याला कानडीत विचारलं, काय मागतायत. तो म्हणाला, "हग्ग." म्हणजे दावं. म्हातारीचा हात सुपातच थांबला. तिनं त्या काळ्या केसाच्या दाव्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि लेकाला म्हणाली, "हग्ग अवरदु अंद्रे, एम्मे यारदु?"

दावं त्यांचं, तर म्हैस कुणाची?

कुणी कुणाला काही समजावून सांगायची गरजच नव्हती. सगळी जनावरांतली माणसं. शेतकरी अर्धी सुटलेली गाठ हातात धरून तसाच उभा. आमच्याबरोबरचा एक म्हातारा खाकरला. म्हातारीनं पुन्हा तेच विचारलं, ह्या खेपेला जोरात.

शेतकऱ्यानं मान खाली घातली. "म्या लई चारली तिला, अक्का," तो म्हणाला. "सोताच्या लेकरावानी केलं. धनी गेल्यावर वाटलं, आता कोन इचारतंय. द्यायचं जिवावर आलं बघा." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी त्याच्यावर चिडायचं ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं.

"चारलीस," आत्या म्हणाली. "तिच्या पाठीवरनंच कळतंय. इतके महिने दूध काढलंस, ते तुझं. पारडी बी तुझी. पर आता न्ह्याची न्हाई. पारडी नसली तर ही पान्हा सोडायची न्हाई. दूध तुटलं की घिऊन जा."

"आन् म्हस?" म्हाताऱ्यानं विचारलं. चोख लागतं अशा माणसांना.

सगळे आत्याकडं बघत होते. दादा जमिनीकडं बघत होता.

"म्हस," आत्या म्हणाली, पुढं होऊन ती अर्धी सुटलेली गाठ आवळली, आणि परत म्हणाली, "म्हस माझी हाय."

खुंट्यावरनं दावं सोडून हातात घेतलं आणि ती तशीच चालायला लागली. म्हैस मागं, पारडी म्हशीमागं, आम्ही पारडीमागं.

घरी गोठ्यात पोचलो आणि दादाच्या मनातलं बाहेर आलं. "पारडी दिली? चांगली चांदीची पारडी? कुणाला इचारून?"

आत्या खुंट्याशी वाकली होती, ती तशीच राहिली. दावं हातात, पाठ आमच्याकडं. मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार, चुकलं बाबा. माझं डोकंच सणकलं. "दादा," मी म्हणलं, "वकिलांनी इचारलं व्हतं ना, पुढंही का? तू म्हणालास, पुढं म्हंजे? पुढं म्हंजे ह्ये!"

दादानं माझ्याकडं बघितलं. वाटलं, मारतोय आता. पण तो खाली बसला. खुंटा बरेच दिवस रिकामा होता, हलत होता. दादानं कोपऱ्यातला धोंडा घेतला आणि चार घाव घालून तो पक्का ठोकून दिला. मग हात झटकून म्हणाला, "बांधा आत्या," आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं आणि आत्या धारेला बसली. मी लेकराला कडेवर घेऊन दारात उभी. पारडी ढुशा देत होती, म्हैस पान्हावली होती, चरवी फेसानं भरत आली. आत्या उठली. घरात जाईल असं वाटलं, पण ती तिथंच थांबली. कोनाड्यातली वाटी घेतली, दूध ओतलं, आणि उभ्या उभ्या, एकेक घोट घेत सगळं प्यायली. वरच्या ओठावर पांढरं लागलं ते पदरानं पुसलं.

"पचतंय का, आत्या?" मी विचारलं.

"न पचाया काय झालं?" ती म्हणाली. आणि चरवी माझ्याकडं देत म्हणाली, "जा, आता बाप्यांना दे."